मिठाच्या पाण्यात

गुरुवारी दुपारी म्हापशाहून हळदोण्याची बस.
कॉन्व्हेंटच्या मागल्या दाराशी चपला काढतो.
इथे कुणी काढत नाही, पायांनाच सवय.
सिस्टर युफेमिया खोकी मोजत असते:
केळ्यांची, साबणाची, एक बियरचं,
त्यावरचं चित्र तिने पांढऱ्या कागदाने झाकलंय, अर्धंच.

खोकी जातात समुद्रापलीकडे, मोझांबिकात,
नामुराच्या दवाखान्यात.
डॉक्टर महिन्यातून दोनदा. बाकीचे दिवस
चिंचिणीची एक नन, एक कंपाउंडर, आणि रांग.

माझं काम तारखा वाचायचं.
एकतीस वर्षं औषधांच्या दुकानात तेच केलं.

लोक पिशव्या आणून देतात.
गावातलं म्हातारं माणूस जातं, मुलं लिस्बनहून येतात,
घराला कुलूप घालतात,
आणि उशाजवळची औषधं आमच्याकडे.
दहातल्या चार गोळ्या घेतलेल्या.
पाचवीपर्यंत माणूस पोचलं नाही.
ही जात नाहीत. फोडलेलं पाठवायचं नाही, हा नियम.
एस्पेरांसाबाई भांडली,
"म्हज्या घोवाच्यो गुळयो म्हारग आसात!"
गरिबाला उरलंसुरलं द्यायचं नसतं, बाई, मी म्हटलं,
आणि माझाच आवाज मला गल्ल्यावरून आल्यासारखा वाटला.

जातं ते सीलबंद: ओआरएस, गॉज, थर्मामीटर.
आणि झोळ्या.
तान्ह्यांना वजनकाट्याला टांगायच्या,
जुन्या सुती कापडाच्या, हुकासाठी दोन जाड पट्टे.
जुझिना शिवते, बाल्कांवात मशीन ओढून.
आमच्यात झोळी खांद्याला लावून दारोदार मागतात,
मी सिस्टरला सांगितलं, जरा अडखळत.
"मग बरोबर," ती म्हणाली. "मी दुसरं काय करते?"

प्रफुल्लाची राणी रंगाची साडी मी मागच्या पावसानंतर दिली.
सहा झोळ्या निघाल्या. पदर उरला,
तो मी मागितला नाही, त्यांनीही विचारलं नाही.

खोकं बंद करताना ती सगळी डोळे मिटतात.
मी मिटत नाही.
तेवढ्यात एखादी तारीख पुन्हा बघून घेतो.

काल पत्र आलं.
पोर्तुगीज. सिस्टर ते कोंकणीत सांगते,
मी मनात मराठीत करून घेतो,
तीन उंबरे ओलांडून बातमी येते.
आमादे नावाचं पोर. जूनमध्ये चार किलो शंभर.
आता सहा तीनशे.
आणि तक्रार:
पोराने झोळी भिजवली, बाहेर काढलं
तर मांड्या राणी रंगाच्या!
आई किंचाळली. रांग फुटली.
नवा रोग आला म्हणून दोघी पोरं उचलून पळाल्या,
त्यातली एक अजून परतलेली नाही.
नन पोराला घासत बसली, रंग निघेना.

सिस्टर हसता हसता चष्मा पुसते.
मला लगेच हसू आलं नाही.
"ती वेगळी भिजवा हो, रंग जातो तिचा!"
न्हाणीघरातून यायची ही हाक, दर खेपेला,
मी विसरल्यानंतर.
एक बनियन अजून गुलाबी आहे माझं.
मला वाटलं होतं, इतक्या वर्षांत
जायचा तेवढा गेला असेल.

"उत्तर काय लिहू?"
लिहा, पहिल्या धुण्याला मीठ. बादलीला मूठभर.
रात्रभर भिजू दे. पिळू नका. सावलीत वाळवा.
आणि त्या बाईला शोधून सांगा, रोग नाही म्हणावं,
साडी आहे.

तिने लिहिलं. मग पेन थांबलं.
"मीठ परवडत असेल ना त्यांना?"

मी ओआरएसच्या खोक्याकडे पाहिलं.
मग खिशातले बसचे सुटे मोजले,
आणि टेम्पोवाल्या क्लेतोला हाक मारून विचारलं,
आगरवाड्याचं मीठ सध्या कसं किलो.